सतरा नंबरचा पंप

पंपसाहेबांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की एक तर ती गोष्ट पुरी व्हायची, नाहीतर समोरचा माणूस थकून घरी जायचा. पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं त्यांनी बंद पडलेले पंप चालू केले होते आणि त्यातून त्यांचं एक ठाम मत झालं होतं. पंप हट्टी असतो, पण तो फक्त तुम्ही घरी जायची वाट बघत असतो; तुम्ही गेलाच नाहीत की त्याचा नाइलाज होतो. 'साहेब' हे आपलं म्हणायला. कागदोपत्री ते साहाय्यक तंत्रज्ञ, श्रेणी दोन. पण घोडं पेंड खायला लागलं की श्रेणी एकची माणसंही यांनाच बोलावतात, हे ते कुणालाही, न विचारता, सांगत असत.

तर या पंपसाहेबांनी एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोला सांगितलं, "आपल्या क्लबहाउसमध्ये मी सिनेमा दाखवणार आहे. पियानोवाल्याचा."

बायकोनं वर पाहिलं. पूर्वीची असती तर हसली असती. आता ती नुसती म्हणाली, "परवानगी देतील का?" आणि कप उचलून आत गेली.

या 'पूर्वीची असती तर'मध्येच सगळं दुखणं होतं. बाईंचं हसणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. ते हप्त्याहप्त्यानं यायचं. आधी एकच खणखणीत 'हा'. मग श्वासभर शांतता. नवखा माणूस असला तर ठसका लागला समजून या शांततेत तो पाणी आणायला उठायचा. मग दुसरा 'हा', पहिल्यापेक्षा वरचा, आणि त्यानंतर गाडीभर विटा ओतल्यासारखं बाकीचं सगळं. जुन्या गल्लीत तीन घरं पलीकडे माणसं म्हणायची, "काहीतरी चांगलं झालेलं दिसतंय." आणि स्वतःही थोडी हसून घ्यायची, कारण न कळता.

पंपसाहेबांनी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं ते चोविसाव्या वर्षी, एका चष्म्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. तिथं एक फिल्म क्लब चालायचा. त्या दिवशी एक जुना फ्रेंच सिनेमा होता. नाव फ्रेंचमध्ये, त्यामुळे पुढे दोघांनाही ते कधी धड म्हणता आलं नाही. सिनेमात बोलणं जवळजवळ नाहीच. एक पियानो दुरुस्त करणारा गरीब माणूस एका नव्या फॅशनच्या बंगल्यात जातो. तिथं सगळं आपोआप चालतं. दारं टाळी वाजवली की उघडतात. माणूस आत जातो, पियानो सुरात लावतो आणि मग सिनेमा संपेपर्यंत त्याला काही बाहेर पडता येत नाही. शेवटी दाराच्या फटीत त्याच्या कोटाचं शेपूट अडकतं आणि तो तसाच वाकून, अदबीनं, घराच्या मालकिणीचा निरोप घेतो. तेवढ्यात दोन खुर्च्या सोडून पलीकडून तो पहिला 'हा' आला. पंपसाहेबांनी उरलेला सिनेमा पाहिला नाही, ते तिकडेच बघत बसले. "मी लग्न केलं ते त्या हसण्याशी, बाई त्याच्याबरोबर आली," असं ते नंतर पाहुण्यांना सांगायचे. ते ऐकून बाई पुन्हा हसायच्या.

असं हे संसाराचं भांडवल घेऊन ते तेरा महिन्यांपूर्वी शहराच्या टोकाच्या नव्या वसाहतीत राहायला आले. हट्ट पंपसाहेबांचाच. छत्तीस घरं, सगळी एकाच साच्यातली, प्रत्येकापुढे चटईएवढं गवत. पुढून चालत गेलं की दिवे आपोआप लागायचे आणि थांबून दोन शब्द बोलायला लागलं की आपोआप विझायचे. नावानं कुणी कुणाला हाक मारायचं नाही. हे 'सतरा नंबर', ते 'नऊ नंबर'. घरं इतकी सारखी होती की पहिल्या महिन्यात पंपसाहेब दोनदा एकोणीस नंबरच्या सोफ्यावर बसून चहाची वाट बघत होते. दुसऱ्या वेळी मिळालाही.

तिसऱ्या आठवड्यात कमिटीचं पत्र आलं. टाइप केलेलं. 'घर क्रमांक १७. आपल्या घरातील पंपातून संध्याकाळी सहा चाळीसच्या सुमारास मोठा, तुटक आवाज येत असल्याचे निदर्शनास आले आहे. तातडीने दुरुस्ती करून घ्यावी.'

आता काय बोलायचं? पाण्यातल्या माशाला कुणी पोहायला शिकवावं, तसं हे झालं. पंपसाहेबांचा पंप, आणि आवाज करतो? त्यांनी रजा काढली. पंप सगळा उघडला, पुसला, तेल दिलं, पुन्हा जोडला, कानाला लाकडी पट्टी लावून ऐकला आणि बाणेदारपणे उत्तर धाडलं: 'तपासणी केली. पंप सुस्थितीत आहे.' चौथ्या दिवशी दुसरं पत्र. 'आवाज कायम आहे. बुधवार सहा बेचाळीस. शुक्रवार सहा अडतीस.'

नवराबायको कॅलेंडर घेऊन बसले. पंप तर सकाळी चालायचा. संध्याकाळी साडेसहाला काय चालतं? साडेसहाला बाईंचा धाकट्या बहिणीला फोन चालायचा. दोघांनी एकदमच मान वर केली.

आणि तेव्हा पंपसाहेबांच्या तोंडून ते वाक्य गेलं. काही मोठं वाक्य नव्हतं. "जरा हळू हसत जा," एवढंच. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून हसू आलं की ती रुमाल तोंडावर धरायची, पुढे पुढे रुमालाचीही गरज पडेनाशी झाली. बहिणीचा फोन चार मिनिटांत संपायला लागला. आयुष्यभर बंद पंप चालू करत आलेल्या माणसानं पहिल्यांदाच एक चालता पंप बंद केला होता, आणि तोही स्वतःच्या घरातला. पंपसाहेबांना याची लाज वाटायची, अगदी जेवताना घास अडकावा इतकी. पण लाज वाटून पंप चालू होत नाही, हे त्यांना माहीत होतं. हातपाय हलवावे लागतात.

म्हणून ते तीन बस बदलून त्या चष्मेवाल्याकडे गेले. फिल्म क्लब कधीच बंद पडला होता, पण चष्मेवाल्यानं सिनेमाची डिस्क जपून ठेवली होती. "परत आणून द्यायची हां," असं चारदा बजावून त्यानं ती दिली. पंपसाहेबांनी आधी घरातच लावून पाहिली. बाई बघत होत्या. कोटाचं शेपूट अडकलं, पंपसाहेबांनी श्वास रोखला, आणि बाई उठून गॅस बंद केलाय का ते बघायला गेल्या. गॅस बंदच होता. परत आल्या तेव्हा सिनेमा संपला होता.

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एकट्याचं हसणं ऐकू जातं. साठ माणसं एकदम हसत असली तर त्यात एकाचं कोण मोजणार? साठ माणसं हवीत, ती हसायला हवीत, आणि त्यांच्यामध्ये बाईंना बसवायला हवं. म्हणून क्लबहाउस.

क्लबहाउसच्या अर्जात कार्यक्रमाचे चार प्रकार छापलेले होते: वाढदिवस, व्याख्यान, व्यायाम, इतर. समोरच्या घरातले विमावाले कुंपणावरून म्हणाले, "माझं ऐका, व्याख्यानावर खूण करा. 'इतर'वर खूण केली की कागद कमिटीपुढे जातो, आणि कमिटीपुढे गेलेला कागद मी अजून परत आलेला पाहिला नाही."

"पण हे व्याख्यान नाहीये."

"अहो, सुरुवातीला दोन वाक्यं बोला, झालं व्याख्यान. सरळ बोटानं तूप निघत नाही."

पंपसाहेबांना खोटी खूण करणं जमेना. त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेषेवर लिहिलं: 'फ्रेंच सिनेमा'. इथंच माशी शिंकली.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त बँक अधिकारी. एक नंबरमध्ये राहायचे. वसाहतीची सगळी पत्रं तेच टाइप करायचे, दोन बोटांनी, पण निष्ठेनं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"फ्रेंच?" ते हळूच म्हणाले. "सतरा नंबर, इथं लेकीसुना राहतात."

"अहो, तसलं काही नाहीये त्यात. एक माणूस पियानो दुरुस्त करायला जातो."

"कुणाच्या घरी?"

"एका बाईंच्या."

"नवरा घरी असतो का त्या बाईंचा?"

पंपसाहेब जरा विचारात पडले. नवरा ऑफिसला जातो, हे खरं होतं. ते गप्प राहिले तेवढं सेक्रेटरींना पुरलं, आणि सिनेमा आधी तपासून घेण्यासाठी दोन जणांची उपसमिती नेमली गेली. एक स्वतः सेक्रेटरी आणि दुसऱ्या नऊ नंबरच्या दंतवैद्यबाई. दंतवैद्यबाईंना घेण्याचं कारण असं की त्या कशालाही दचकत नसत.

तपासणी सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात झाली. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी जरा हललं की करकर आवाज व्हायचा आणि सगळे त्याच्याकडे बघायचे. दीड तास उपसमिती पडद्याकडे पाहत होती. हसणं सोडाच, ओठसुद्धा हलले नाहीत. सेक्रेटरी मधूनमधून वहीत काहीतरी टिपून घेत होते. दोनदा त्यांनी "मागे घ्या जरा" म्हणून सिनेमा मागे न्यायला लावला. पंपसाहेबांना घाम फुटला. कोटाचं शेपूट अडकलं तेव्हा दंतवैद्यबाई फक्त म्हणाल्या, "रबराची पट्टी बसवायला हवी होती तिथं."

सिनेमा संपला. सेक्रेटरींनी वही मिटली.

"सतरा नंबर," ते म्हणाले, "हे दार कुठल्या कंपनीचं आहे?"

"काय?"

"टाळीनं उघडणारं. आपल्या क्लबहाउसला अगदी शोभून दिसेल. हातात सामान असलं की कडी काढताना किती पंचाईत होते."

"हातात सामान असलं तर टाळी कशी वाजवणार?" असं पंपसाहेबांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी मोठ्या मुद्द्याला हात घातला. "अहो, त्या दाराचीच तर सगळी टवाळी आहे. ते दार उघडत नाही, म्हणून सिनेमा आहे."

"ते जुनं मॉडेल असेल," सेक्रेटरी म्हणाले. "आता सुधारणा झाल्या असतील."

दंतवैद्यबाईंनी दुजोरा दिला. ठराव असा झाला: सिनेमाला परवानगी आहे, पण आधी दार. दाराचं उद्घाटन आणि सिनेमा एकाच संध्याकाळी. आणि पंपसाहेब हे वसाहतीतले तांत्रिक गृहस्थ असल्यामुळे दाराची जबाबदारी त्यांची. त्यांनी पंप आणि दार यांतला फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला. दोन्हीला मोटर असते, एवढंच कमिटीला दिसलं. पंपसाहेबांनी मनात बाईंचा चेहरा आणला आणि सही केली. दार तर दार.

मग दारवाला आला. हा मनुष्य फोनवर भेटायचा, दारात भेटायचा नाही. तीनदा येतो म्हणून आला नाही, चौथ्यांदा आला तो भलत्याच मापाचं दार घेऊन. शेवटी एकदाचं दार बसलं. काचेचं, सरकतं, वर काळ्या डबीत टाळी ऐकणारा कान. जुनं लाकडी दार कडीकोयंड्यासकट उचलून नेलं. मागच्या बाजूला आणखी एक दार होतं, पण त्याच्यापुढे चषक ठेवायचं कपाट उभं होतं. त्यात अजून एकही चषक नव्हता, पण ते हलवायचं नाही असा जुना ठराव होता. खिडक्यांच्या काचा तर पहिल्यापासूनच न उघडणाऱ्या.

पहिल्या दिवशी दार टाळीनं उघडलं. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी ते झाडू पडला तरी उघडलं, विमावाल्यांनी डास मारला तरी उघडलं, आणि व्यायामाच्या वर्गात तर उघडझाक इतकी झाली की बायका घाबरून पायऱ्यांवर व्यायाम करायला लागल्या. पंपसाहेबांनी दारवाल्याला फोन केला. मग पुन्हा केला. मग त्याच्या दुकानासमोर पेपर घेऊन बसून राहिले, पंपासमोर बसावं तसे. तिसऱ्या तासाला दारवाल्याचा नाइलाज झाला.

त्यानं येऊन काळ्या डबीत काहीतरी फिरवलं. "आता काळजी सोडा साहेब. नुसत्या टाळीनं उघडणार नाही. एक टाळी. मग श्वासभर थांबायचं. मग दुसरी, पहिल्यापेक्षा मोठी. असा ठेका पकडला तरच उघडणार. झाडूला काय ठेका कळतोय?"

"आणि माणसाला नाही कळला तर?"

"कळेल हो," दारवाला म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये राहायला गेला.

पंपसाहेबांनी दारावर कागद चिकटवला: 'टाळी – श्वास – मोठी टाळी'. सेक्रेटरींनी तो काढून टाकला, कारण काचेवर काही चिकटवायचं नाही असा नियम होता.

उरला प्रश्न बाईंचा. त्या येईनात. "मी कशाला? मला आलं हसू तर?"

"त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय," असं पंपसाहेब म्हणाले आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन महिने हा माणूस अर्ज, दार आणि दारवाला यांच्यामागे का हिंडत होता, ते त्यांना बहुधा तेव्हा कळलं. त्यांनी कपाटातून रुमाल काढला, चारपदरी घडी घातली आणि म्हणाल्या, "मागच्या रांगेत बसेन."

पंपसाहेबांना रुमाल नको होता. पण मागची रांग तर मागची रांग.

उद्घाटनाला साठ माणसं आली, सगळी दारासाठी. सेक्रेटरींनी बाहेर उभं राहून वसाहतीच्या प्रगतीवर दहा मिनिटं भाषण केलं, टाळी वाजवली, श्वास घेतला, मोठी टाळी वाजवली, आणि दार सरकलं. लोक आत गेले, दार मिटलं. दिवे मालवून पंपसाहेबांनी सिनेमा लावला. बरोबर सात वाजले होते.

आणि कुणी हसेना. पियानोवाला बंगल्यात शिरला, लोक म्हणाले, "फरशी बघ कशी आहे." त्याच्या अंगावर आपोआप पाणी उडालं, लोक म्हणाले, "पाण्याचा दाब चांगला आहे." तो टाळ्या वाजवून वाजवून रडकुंडीला आला, तेव्हा कुणीतरी हलक्या आवाजात पडद्यांचं कापड विचारत होतं. साठ माणसांच्या हसण्यात एक हसणं लपवायला निघालेल्या पंपसाहेबांना साठ माणसांची गप्प बसलेली टाळकी दिसत होती, आणि सगळ्यांत मागे रुमाल धरलेला एक हात. कोटाचं शेपूट अडकलं. हॉल शांत. पंपसाहेबांना वाटलं, संपलं. चौदा महिन्यांपूर्वी बोललेलं एक वाक्य काही परत घेता येत नाही. त्यांना खरोखर रडू येत होतं, पण तांत्रिक गृहस्थाला चारचौघांत रडता येत नाही, म्हणून त्यांनी उठून दिवे लावले.

लोकांनी शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवल्या. साठ जणांनी, एकदम. दाराला हा ठेका काही मानवला नाही. लोक उठले, दारापाशी जमले, प्रत्येकानं आपापली टाळी वाजवली. दार ढिम्म.

"एकेकानं," सेक्रेटरींनी सूचना दिली. "घराच्या क्रमांकाप्रमाणे या."

आणि खरोखर रांग लागली. एक नंबर स्वतः सेक्रेटरी. त्यांनी टाळी वाजवली, श्वास घेतला, पण तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं आणि ठेका बिघडला. तीन नंबरनं श्वासच घेतला नाही. नऊ नंबरच्या दंतवैद्यबाईंनी दाराला "मोठा आ करा" म्हणावं तशा आवाजात "उघड" म्हणून पाहिलं. विमावाल्यांचे हात घामानं ओले झाले होते, टाळी नुसती फसफसली. "तरी मी सांगत होतो, व्याख्यानावर खूण करा," ते म्हणाले. पाऊण तास हा उद्योग चालला. दारवाल्याचा फोन बंद. कपाट हलवावं का, यावर ठराव रद्द करायला किती सभासद लागतात याची चर्चा सुरू झाली.

"सतरा नंबर," सेक्रेटरी कडक आवाजात म्हणाले, "जबाबदारी तुमची आहे."

पंपसाहेब पुढे झाले. त्यांनी कार्यक्रमासाठी कोट घातला होता, लग्नानंतर चौथ्यांदा. खुर्चीवर चढून त्यांनी काळ्या डबीचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि काहीतरी फिरवलं. दार वीतभर उघडलं. पंपसाहेबांनी खुर्चीवरून उडी मारली, फटीतून एक पाय बाहेर टाकला, खांदा टाकला, आणि दार मिटलं. पंपसाहेब पलीकडे पडले, कोटाचं शेपूट अलीकडे राहिलं. त्यांनी ओढून पाहिलं, पण सुटेना. काचेपलीकडे साठ चेहरे त्यांच्याकडे बघत होते. काय करावं न कळून पंपसाहेबांनी कमरेत वाकून, अदबीनं, सेक्रेटरींना नमस्कार केला.

मागच्या रांगेतून 'हा' आला.

एकच. काचेतूनही खणखणीत. सगळा हॉल वळला. बाई उभ्या होत्या, डोळे विस्फारलेले, रुमाल खाली पडलेला. मग ती श्वासभर शांतता. विमावाले नवख्यासारखे पाणी शोधायला लागले. पंपसाहेबांनी तशाच वाकलेल्या अवस्थेत डोळे मिटून घेतले. आता ती थांबणार, हात तोंडावर नेणार, आपल्याला ते काचेतून बघावं लागणार.

बाई थांबल्या नाहीत. दुसरा 'हा' आला, पहिल्यापेक्षा वरचा, आणि दार सर्रकन उघडलं.

पंपसाहेब पाठीवर गवतात पडले. पुढची गाडीभर विटा त्यांनी तिथूनच ऐकल्या. चौदा महिन्यांचं साचलेलं होतं, ते आत मावेना. दार मिटायचं, बाईंना गवतातला नवरा दिसायचा, पुन्हा 'हा', श्वास, 'हा', की दार उघडायचं. आधी दंतवैद्यबाई हसल्या. त्यांचे दात फार सुंदर होते, आजवर कुणी पाहिले नव्हते. मग विमावाले, मग रांगच्या रांग. कुणाला पडदे आठवेनात की फरशी.

बाई डोळे पुसत उंबऱ्याशी आल्या. "लागलं का हो?"

"नाही."

"मग हळू हसू का?"

"नको," पंपसाहेब म्हणाले. मान हलवून पुन्हा म्हणाले, "मुळीच नको. त्या दिवशी मी मूर्खासारखं बोललो."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना पुन्हा पहिला 'हा' आला.

सेक्रेटरी दाराशी उभे राहून हातातल्या यादीवर खुणा करत माणसं बाहेर सोडत होते. "वहिनी, थांबू नका," ते म्हणाले. "अजून चौतीस जण आत आहेत." बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. पाच-सहा जणांचा एक घोळका बाहेर पडायचा आणि पायऱ्यांवरच उभा राहायचा, पुढचा हप्ता ऐकायला. घरी कुणी जाईना.

होता होता सेक्रेटरींचा हात यादीवर थबकला. त्यांनी चष्मा काढला, कान जरा तिरपा केला, एक पूर्ण हप्ता नीट ऐकून घेतला. मग घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि हळूहळू गवताकडे वळले.

"सतरा नंबर," ते म्हणाले, "मोठा, तुटक आवाज. सहा चाळीसचा. हा तुमचा पंप आहे का?"

पंपसाहेब उठून बसले. कोटाचं अर्धं शेपूट फाटून दारात राहिलं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी झटकलं.

"हो," ते म्हणाले. "मी लेखी कळवलं होतं. सुस्थितीत आहे."